दूरचं बंड आणि दारातलं बंड

2025 च्या मार्च ते सप्टेंबर या काळात अमेरिकेतल्या सिॲटल आर्ट म्युझियममध्ये आय वेवे या चिनी कलावंताच्या चाळीस वर्षांच्या कामाचं प्रदर्शन भरलं होतं. सव्वाशेहून अधिक कलाकृती होत्या आणि प्रदर्शनाच्या नावातच कलावंताला बंडखोर म्हटलेलं होतं. सत्ता माणसाशी कशी वागते आणि माणूस तिला कसा भिडतो, हा त्यातल्या जवळजवळ प्रत्येक वस्तूचा विषय. त्याबद्दल वाचताना एकच प्रश्न माझ्या मनात घोळत राहिला. असं प्रदर्शन कोल्हापुरात, एखाद्या सार्वजनिक संग्रहालयात, का होऊ नये? ते आय वेवे यांचंच असावं असं मी म्हणत नाही. आजच्या कलावंतांनी केलेलं, सत्ता आणि बंड याच विषयावरचं, पण इथल्या सत्तेला आणि इथल्या बंडाला थेट हात घालणारं असावं. लांबच्या राजवटीविरुद्धचं बंड भिंतीवर टांगायला फारसं धाडस लागत नाही. आपल्या दारात उभं राहून प्रश्न विचारणारं काम संग्रहालयाने आत घेतलं, तर त्या संग्रहालयाला सार्वजनिक म्हणायचं.

आय वेवे यांचं काम ज्यांच्या पाहण्यात नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. 1995 साली त्यांनी हान राजवटीतला, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा मातीचा कलश हातातून सोडून दिला आणि त्याची तीन छायाचित्रं केली. पहिल्यात कलश हातात आहे, दुसऱ्यात हवेत, तिसऱ्यात पायाशी तुकडे. तिन्ही छायाचित्रांत चेहऱ्यावरची रेष हललेली नाही. लोक भडकले, आणि ते साहजिक होतं. पण माओच्या सांस्कृतिक क्रांतीत जुनं ते सगळं मोडायचा हुकूमच सुटला होता, देवळं फुटली होती, पुस्तकं जळली होती. आय वेवे यांचे वडील आय चिंग हे मोठे कवी. त्यांना उजव्या विचारांचे ठरवून शिनजियांगला धाडलं गेलं आणि तिथे संडास साफ करायला लावलं गेलं. त्या घरात वाढलेला मुलगा एक कलश फोडतो तेव्हा तो विचारत असतो, की एका भांड्यासाठी हळहळणारे तुम्ही तेव्हा कुठे होतात?

दुसरी गोष्ट 2010 सालची. लंडनच्या टेट मॉडर्नच्या भल्यामोठ्या दालनात त्यांनी सूर्यफुलाच्या दहा कोटी बिया पसरल्या. प्रत्येक बी चिनी मातीची, जिंगदेझेन गावातल्या सुमारे सोळाशे कारागिरांनी हाताने घडवलेली आणि हाताने रंगवलेली. माओच्या काळातल्या प्रचारचित्रांत माओ म्हणजे सूर्य आणि जनता म्हणजे त्याच्याकडे तोंड करून उभी सूर्यफुलं. त्या फुलांच्या बिया इथे जमिनीवर, एकीसारखी दुसरी नाही अशा.

तिसरं काम मला सगळ्यात मोठं वाटतं. मे 2008 मध्ये सिचुआन प्रांतात भूकंप झाला. आजूबाजूच्या इमारती तशाच उभ्या राहिल्या आणि शाळा पत्त्यासारख्या कोसळल्या, असं अनेक ठिकाणी झालं. बांधकाम कच्चं होतं. किती मुलं गेली ते सरकार सांगेना. आय वेवे यांनी स्वयंसेवक गोळा केले, गावोगाव पाठवले आणि पाच हजारांहून अधिक मुलांची नावं जमवली. त्यांचा ब्लॉग बंद करण्यात आला. पुढे पोलिसांच्या मारहाणीत डोक्याला मार बसून शस्त्रक्रिया करावी लागली, आणि 2011 साली त्यांना 81 दिवस डांबून ठेवलं. या सगळ्या काळात एक काम चालू होतं. पडलेल्या इमारतींतल्या वेड्यावाकड्या सळया विकत घ्यायच्या आणि कामगारांनी एकेक सळई ठोकून सरळ करायची. दीडशे टन सळया अशा सरळ झाल्या. संग्रहालयात त्या एकावर एक रचल्या तेव्हा मधून भेग गेलेल्या जमिनीसारखा आकार उभा राहिला.

हे काम समजायला कलेचा इतिहास शिकावा लागत नाही. आपल्या उद्यमनगरात, शिरोलीच्या फौंड्रीत, नाहीतर सेंट्रिंगच्या कामावर ज्याने आयुष्य काढलं आहे, त्याला ते समीक्षकाच्या आधी समजेल. सळई वाकवणं हे रोजचं काम. पण ढिगाऱ्यातून निघालेली, कुठेही कशीही मुरगळलेली सळई जशीच्या तशी सरळ करायला हाताची काय अवस्था होते ते त्यालाच ठाऊक. शिवाय किती मिलिमीटरची सळई कुठे वापरायला हवी होती आणि कुठली वापरली गेली, हेही तो बघता क्षणी सांगेल. म्हणून कोल्हापूरसारख्या गावाला समकालीन कला झेपणार नाही, हे म्हणणं मला मान्य नाही. हाताने काम करणाऱ्यांचं हे गाव आहे आणि या कलेतली बरीचशी ताकद हातकामातूनच आलेली आहे.

आता त्या दाराच्या प्रश्नाकडे येतो. सिॲटलने आय वेवे यांना बंडखोर म्हणून गौरवलं, चांगलं केलं. पण चीनविरुद्धचा बंडखोर अमेरिकेत दाखवणं सोपं असतं. हेच आय वेवे 2023 च्या नोव्हेंबरमध्ये लंडनला नवं प्रदर्शन करणार होते. इस्रायल आणि गाझा यांच्याबद्दल त्यांनी समाजमाध्यमावर काही ओळी लिहिल्या आणि लिसन गॅलरीने ते प्रदर्शन पुढे ढकललं. बीजिंगला बोल लावलेला चालतो, घरातल्या धनिकांना आणि मित्रदेशांना लावलेला चालत नाही. हाँगकाँगची गोष्ट अशीच. तिथल्या एम प्लस या नव्या संग्रहालयाकडे आय वेवे यांचं तिआनमेन चौकासमोर मधलं बोट दाखवणारं छायाचित्र आहे. ते दाखवणार का, यावरून 2021 साली गदारोळ झाला. संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून ती प्रतिमा निघाली आणि उद्घाटनाच्या मांडणीत ती नव्हती. त्याच मालिकेत व्हाइट हाउससमोर दाखवलेलं बोटही आहे. ते बीजिंगमध्ये कुणाला खुपणार नाही.

तिसरा प्रसंग मायामीचा. 2014 साली तिथल्या संग्रहालयात आय वेवे यांचे रंगवलेले प्राचीन कलश मांडले होते आणि मागे कलश फोडतानाची ती तीन छायाचित्रं लावली होती. एका स्थानिक चित्रकाराने मांडलेला एक कलश उचलला आणि जमिनीवर टाकला. या संग्रहालयात बाहेरच्यांना जागा मिळते, मायामीच्या कलावंतांना मिळत नाही, म्हणून हा निषेध, असं तो म्हणाला. त्याला अटक झाली. दुसऱ्याची कलाकृती फोडणं मी योग्य मानत नाही. पण त्याचा प्रश्न मात्र मला खरा वाटतो. ज्या भिंतीवर बंडाचं कौतुक टांगलेलं आहे त्याच भिंतीच्या मालकाला गावातला माणूस दिसत नसेल, तर ते कौतुक कुणासाठी?

या तिन्ही ठिकाणी संग्रहालय किंवा गॅलरी आपल्या उंबऱ्यापर्यंत शूर होती. म्हणून आपल्याकडे असं काही करायचं झालं, तर मी सुरुवात उंबऱ्याच्या आतून करा म्हणेन.

त्यासाठी कोल्हापूरला बाहेरून काही आणावं लागत नाही. शिवाजी चौकातून आपण रोज जातो. तिथे एके काळी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचा पुतळा होता. 1942 च्या आंदोलनात भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हविरे यांनी तो विद्रूप केला. पोलिसांचा पहारा, पकडलं जाण्याची खात्री, आणि पुढे सरसावल्या त्या दोन बायका. पुढच्या वर्षी क्रांतिकारकांनी घणाचे घाव घालून तो फोडला. 1945 साली तिथे शिवाजी महाराजांचा अर्धपुतळा उभा राहिला, तो घडवला बाबूराव पेंटर यांनी. हे तेच बाबूराव, ज्यांनी 1925 साली 'सावकारी पाश' काढला आणि कर्जापायी जमीन गमावून शहरात मजूर होणारा शेतकरी पडद्यावर आणला. पुराणकथांच्या त्या दिवसांत ते सोपं नव्हतं. साम्राज्याचा पुतळा, त्याची विटंबना, त्याचा भुगा आणि त्याच जागी दुसरा पुतळा, असा सगळा क्रम अवघ्या तीन वर्षांत एका चौकात घडला. सत्ता आणि बंड यांवर काम करणाऱ्या कुठल्याही कलावंताला याहून मोठा ऐवज कुठे मिळणार?

तिथून जवळच बिंदू चौक. 1950 च्या डिसेंबरमध्ये तिथे महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे बसले. बाबासाहेब तेव्हा हयात होते. पुढाकार भाई माधवराव बागल यांचा. बागलांकडे आपण सत्यशोधक, प्रजा परिषदेचे पुढारी म्हणून पाहतो, आणि ते आधी चित्रकार होते हे पुष्कळदा विसरतो. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले, निसर्गचित्रं काढणारे, कोल्हापूरच्या चित्रकारांवर मनापासून लिहिणारे. त्याच माणसाने 1939 साली रत्नाप्पा कुंभारांसह प्रजा परिषद उभी केली आणि गादीकडे जबाबदार राज्यपद्धती मागितली. कुठली गादी? तर जिच्यावर बसून शाहू महाराजांनी 1902 साली मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, वेदोक्ताच्या प्रकरणात धर्मसत्तेशी उभा दावा मांडला, 1920 साली माणगावच्या परिषदेत तरुण आंबेडकरांचं नेतृत्व सगळ्यांसमोर जाहीर केलं, ती गादी. म्हणजे इथे एका पिढीत सिंहासनावर बसलेला माणूस व्यवस्थेविरुद्ध बंड करतो आणि पुढच्या पिढीत त्याच विचारात वाढलेला माणूस सिंहासनाकडे हक्क मागतो. एका बाजूला दुष्ट सत्ता आणि दुसऱ्या बाजूला शुद्ध बंडखोर, असं सरळ चित्र कोल्हापुरात बसत नाही. आय वेवे यांच्या चीनमधल्या अनुभवात ही गुंतागुंत फारशी नाही. आपल्याकडे ती आहे, आणि ती मांडली तर जगाला काही नवं मिळेल असं मला मनापासून वाटतं.

मग ही सगळी कथा सांगणारी जागा कुठे आहे? न्यू पॅलेसमध्ये आपण पाहुण्यांना घेऊन जातो. चार्ल्स मँटने आखलेली, 1884 साली पुरी झालेली वास्तू. आत दरबार हॉल, तलवारी, बंदुका, शिकारीत मारलेले आणि पेंढा भरलेले प्राणी, तैलचित्रं. टाऊन हॉल म्युझियम 1946 पासूनचं. ब्रह्मपुरीच्या टेकडीवरच्या उत्खननातल्या वस्तू, पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ती प्रसिद्ध कांस्यमूर्ती, आबालाल रहिमान यांच्यासारख्या आपल्या थोर चित्रकारांची चित्रं तिथे आहेत. या दोन्ही संग्रहांबद्दल मला आदर आहे, आणि टाऊन हॉलच्या बागेत लहानपणापासून येणाऱ्या कितीतरी जणांना असेल. पण दोन्हीकडचा भर राज्यकर्त्यांच्या वस्तूंवर आणि पुरातन अवशेषांवर आहे. बंडाच्या वाट्याला चौक आले आणि सत्तेच्या वाट्याला कपाटं.

यावर कुणी म्हणेल, चौकात पुतळा आहे तेवढं पुरे नाही का? पुरे नाही. चौकातल्या पुतळ्याला आपण हार घालतो, जयंतीला मिरवणूक काढतो, आंदोलनाची सुरुवात तिथून करतो. हे सगळं मोलाचं आहे. पण पुतळ्याशी वाद घालता येत नाही. विल्सनचा पुतळा का बसवला होता, कुणी पैसे दिले, तो फोडणाऱ्यांवर खटले कसे चालले, त्या दोन बायकांच्या घरचे काय म्हणाले, हे प्रश्न चौकात वाहनांच्या गर्दीत उभं राहून विचारायचे कसे? संग्रहालयात एका भिंतीवर सरकारी हुकूम लावता येतो, समोर कैद्याचं पत्र लावता येतं, आणि मधल्या जागेत आजचा कलावंत त्यावर आपलं काही ठेवू शकतो. पाहणारा दोन्ही बाजूंनी फिरू शकतो, नको वाटलं तर निघून जाऊ शकतो, उद्या पुन्हा येऊ शकतो.

आणि बंड हा फक्त 1942 चा विषय नव्हे. शहरातल्या रस्त्यांवर टोल लादला गेला तेव्हा एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारखी उतारवयातली माणसं पुढे झाली आणि अख्खं शहर त्यांच्यामागे गेलं. वर्षानुवर्षं लढून टोल गेला. तो जायच्या आधी, फेब्रुवारी 2015 मध्ये, सकाळी फिरून घरी परतणाऱ्या पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. 2025 च्या उन्हाळ्यानंतर नांदणी मठाची महादेवी हत्तीण गुजरातला एका उद्योगसमूहाच्या प्राणिकेंद्रात नेली तेव्हा गावंच्या गावं पायी चालत निघाली. न्यायालयाचा आदेश, मठाची परंपरा, प्राण्याचं आरोग्य, बड्या उद्योगसमूहाची ताकद, लोकांची माया, हे सगळं त्यात एकमेकांत अडकलेलं होतं. कोण बरोबर यावर आपल्या घराघरांत वाद झाले. असा वाद हीच तर चांगल्या प्रदर्शनाची माती असते. त्या मोर्चांतले हाताने लिहिलेले फलक आज कुणाच्या माळ्यावर पडले असतील. पन्नास वर्षांनी आपली नातवंडं शोधतील तेव्हा ते कुठे मिळणार?

सळयांचं ते काम पाहिल्यावर मला मात्र सगळ्यात आधी पूर आठवला. पावसाळ्यात कोल्हापूरकराच्या तोंडी दोन आकडे असतात, राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 फूट म्हणजे धोका. 2019 आणि 2021 ला पंचगंगा दोन्ही आकडे मागे टाकून कितीतरी वर गेली. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत पाणी शिरलं तेव्हा गणपती तोंडावर आले होते. अर्धवट रंगवलेल्या मूर्ती, काहींना डोळे आखायचे राहिलेले, माळ्यावर हलवायला वेळ मिळाला नाही. पाणी उतरल्यावर मातीच्या मूर्ती खालून विरघळून बसल्या होत्या, सोंड कुठे, हात कुठे, आणि भिंतीवर चिखलाची आडवी रेघ. एका कारखान्याचं वर्षाचं भांडवल त्या रेघेखाली गेलं. आता त्या रेघेशेजारी शासनाच्या नकाशावरची निळी आणि लाल पूररेषा ठेवा. त्या रेषांच्या आत कुठल्या साली कुठल्या बांधकामाला परवानगी मिळाली, ते कागद ठेवा. सुतार मळ्यातल्या, कुंभार गल्लीतल्या घरांच्या भिंतींवरच्या खुणा ज्या उंचीवर आहेत त्याच उंचीवर दालनात रेघा ओढा, म्हणजे पाहणाऱ्याला आपलं नाक पाण्याच्या वर राहिलं असतं की खाली ते कळेल. एवढं करायला परदेशी कलावंत लागत नाही. कलानिकेतनमध्ये किंवा दळवीज आर्टमध्ये शिकणारी पोरं हे करू शकतात, आणि ती त्याच गल्ल्यांतली असतात.

हे प्रदर्शन कुणाला तरी टोचेल. महापालिकेला टोचेल, बांधकाम व्यावसायिकांना टोचेल, पूररेषेत घर घेतलेल्या तुमच्या-माझ्या नातेवाइकांनाही टोचेल. म्हणूनच ते सरकारी संग्रहालयात हवं. खासगी गॅलरीत ते दहा जण पाहतील आणि वाहवा करतील. ज्या व्यवस्थेला प्रश्न विचारायचा तिच्याच छपराखाली तो विचारला गेला, तर व्यवस्थेला उत्तराची सवय लागते.

आक्षेप मला ठाऊक आहेत आणि त्यातला एक खरोखर वजनदार आहे. संग्रहालयात गेलेलं बंड थंड होतं, असं अनेक चांगले कलावंतही म्हणतात. काचेमागे गेलं की त्याची किंमत ठरते, विमा उतरतो, तिकीट लागतं, मंत्री फीत कापतात. आय वेवे यांच्या कलाकृती आज कोट्यवधींना विकल्या जातात. हे खरं आहे. पण बाहेर राहिलेलं बंडही कायमचं गरम राहत नाही. त्याचा एकतर उत्सव होतो नाहीतर विस्मृती होते. थंड झालेली वस्तू निदान हातात घेऊन तपासता येते. शिवाय कुठलंही बंड थंड पडतं ते आपण त्याला आजच्या प्रश्नाशी जोडायचं सोडतो तेव्हा. विल्सनच्या पुतळ्याची कथा एकटीच सांगितली तर ती अभिमानकथा होईल. तिच्या पुढच्या खोलीत पूररेषेचे कागद असतील, तर ती कथा आपल्याकडेही बघायला लागेल.

दुसरा आक्षेप भावना दुखावण्याचा, कायदा-सुव्यवस्थेचा. या बाबतीत महाराष्ट्राने पुष्कळ गमावलं आहे. पंढरपुरात जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेन देश सोडून गेले, 2010 साली त्यांनी कतारचं नागरिकत्व घेतलं, 2011 ला लंडनमध्ये वारले, आणि आज त्यांच्या नावाचं संग्रहालय दोह्यात उभं आहे. ज्या विठ्ठलाच्या गावात ते जन्मले तिथून किती लांब! आणि 8 फेब्रुवारी 2019 ला मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात, प्रभाकर बरवे यांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनात, अमोल पालेकर बोलत होते. प्रदर्शनं ठरवणाऱ्या स्थानिक कलावंतांच्या सल्लागार समित्या मोडीत काढून निर्णय दिल्लीकडे नेल्याबद्दल त्यांनी प्रश्न विचारला आणि त्यांना मधेच अडवण्यात आलं. बरवे यांच्यासारख्या आतल्या आवाजात बोलणाऱ्या चित्रकाराच्या चित्रांसमोर हे घडलं, याचं मला आजही वाईट वाटतं. चित्रांना कुणी हात लावला नाही. हात घातला तो चित्रं कोणी निवडायची या अधिकाराला. सेन्सॉरपेक्षा ही कात्री जास्त खोल जाते, कारण जे निवडलंच गेलं नाही त्यावर बंदी घालायची वेळच येत नाही.

कोल्हापुरापुरतं बोलायचं तर 7 जून 2023 आपण पाहिला आहे. मोबाइलवरच्या काही स्टेटसवरून शहर पेटलं, दुकानांवर दगड पडले, इंटरनेट बंद करावं लागलं. एक प्रतिमा, तिच्या मागे-पुढे काहीही नाही, आणि पाहणारा एकटा, हातात फोन घेऊन तापलेला. प्रतिमांवरून भांडण आपल्या शहरात आधीच आलेलं आहे, ते संग्रहालय आणणार नाही. संग्रहालय उलट प्रतिमेला वेळ देतं, संदर्भ देतं, शेजारी अनोळखी माणूस उभा करतं. शाहू महाराजांनी वेगवेगळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी या शहरात वसतिगृहं काढली, त्यांना इथे राहून शिकता यावं म्हणून. त्याच शहराने एकत्र उभं राहून अवघड चित्र पाहण्याची भीती बाळगावी, हे मला पटत नाही.

आता आय वेवे यांच्याशीही एक भांडण आहे, आणि ते इथल्या प्रदर्शनाला थेट लागू होतं. सूर्यफुलाच्या त्या दहा कोटी बिया सोळाशे हातांनी रंगवल्या. जगभर नाव झालं एकाचं. सत्तेविरुद्ध बोलणाऱ्या कलेच्या आतच एक मालक आणि अनेक कामगार असतील, तर तो प्रश्न टाळून चालणार नाही. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, तेव्हा आपण सगळे खवळलो. रास्तच होतं. कोल्हापुरीला 2019 पासून भौगोलिक मानांकन आहे आणि कंपनीला नंतर या चपलांचं मूळ कबूल करावं लागलं. पण आपल्या संग्रहांत एखाद्या खोगिराखाली, ढालीखाली, पादत्राणाखाली पाटी असते ती वापरणाऱ्या राजाच्या नावाची. शिवणाऱ्या चर्मकाराचं, घडवणाऱ्या लोहाराचं नाव शोधायचा प्रयत्न कुणी केला? दप्तरखान्यात हिशेबाच्या वह्या असतात, कारागिराला दिलेल्या रकमा असतात. एखाद्या तरुण कलावंताने फक्त एवढंच केलं, की जुन्या वस्तूंखालच्या पाट्या नव्याने लिहिल्या, तर माझ्या लेखी ते या विषयावरचं मोठं काम ठरेल.

हे अशक्य नाही, याचा दाखला मुंबईतच आहे. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय 1872 सालचं, महापालिकेच्या मालकीचं. डागडुजी होऊन 2008 साली ते पुन्हा उघडलं आणि तेव्हापासून तिथे हयात कलावंतांना बोलावून जुन्या संग्रहाच्या मधोमध नवं काम मांडायला जागा दिली जाते. व्हिक्टोरियन कपाटं तशीच आहेत, वास्तूला धक्का लागलेला नाही. आपल्या टाऊन हॉलची वास्तूही त्याच काळातली.

माझी मागणी साधी आहे. टाऊन हॉलमधलं एखादं दालन, आणि ते जमणार नसेल तर तूर्त शाहू स्मारक भवनातलं कलादालन, वर्षातून निदान तीन महिने हयात कलावंतांसाठी राखून ठेवा. कामं निवडायला समिती असावी, तिच्यात बहुसंख्य कलावंत आणि कलाशिक्षक असावेत, मुदत ठरलेली असावी आणि निवडलेल्या तसंच नाकारलेल्या प्रस्तावांची कारणं जाहीर व्हावीत. म्हणजे कुणी फोन करून एखादं काम उतरवायला लावलं, तर निदान ते कळेल. पैसे कुणी दिले ते दारावरच्या पाटीवर लिहावं. प्रत्येक कामाखाली सहभागी कारागिरांची नावं कलावंताच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात हवीत. पहिला विषय सत्ता आणि बंड हाच असू द्या, कारण त्याचा कच्चा माल गावात पडून आहे. आणि दालन संध्याकाळी आठपर्यंत, सोमवारीसुद्धा उघडं ठेवा. उद्यमनगरातल्या ज्या कामगाराची सुट्टी सोमवारी येते, त्याने ते पाहायचं तरी केव्हा?